बोर्ड एडेकाचा, करार कोणाशी?

जर्मनीत शिकायला आलेल्या आपल्या मुलामुलींची पहिली कमाई पुष्कळदा सुपरमार्केटच्या गल्ल्यावर होते, नाहीतर मागच्या गोदामात खोकी फोडून. जोडीदाराच्या ब्लू कार्डामुळे इथे आलेली, पुण्या-नाशकातली चांगली नोकरी सोडलेली मंडळीही जर्मन नीट बोलता येईपर्यंत हाच रस्ता धरतात. अशा वेळी ओळखीच्यांना एकच प्रश्न विचारला जातो: तासाला किती देतात? प्रश्न चुकीचा नाही. पण महिनाअखेरीस खात्यात काय जमा होणार, याचा अंदाज त्याच्या उत्तरावरून फारच कमी येतो. खरे कामाचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते सही करण्याआधी विचारायचे असतात.

ताशी दराचं आधी उरकून टाकू. जर्मनीतलं कायदेशीर किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून ताशी १३.९० युरो आहे. १ जानेवारी २०२७ पासून ते १४.६० होईल. विद्यार्थी असो, परदेशी असो, आठवड्यातून दोनच संध्याकाळी येणारा असो, दर तोच. ‘तू स्टुडंट आहेस, तुला बारा’ असं कोणी म्हणालं तर ते बेकायदा आहे, आणि तुम्ही लिहून मान्य केलंत तरी बेकायदाच राहतं. अपवाद मोजके आहेत, त्यातले दोन तुमच्या कामाचे: अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप आणि आउसबिल्डुंग, म्हणजे दुकानात काम करत घ्यायचं व्यावसायिक प्रशिक्षण.

हा तळ फार जुना नाही. किमान वेतनाचा कायदा २०१५ मध्ये ८.५० युरोवर सुरू झाला. त्याआधी काय चालायचं, याचा नमुना हामच्या प्रादेशिक श्रम न्यायालयाच्या २००९ च्या निकालात सापडतो. किक या स्वस्त कपड्यांच्या साखळीत बायका ताशी ५.२० युरोवर काम करत होत्या. हा दर इतका कमी आहे की करार म्हणूनही टिकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि ८.२१ युरोच्या दराने फरक द्यायला लावला. त्याच सुमारास श्लेकर या साबण-शांपू-डायपर विकणाऱ्या मोठ्या साखळीने छोटी दुकानं बंद करून मोठी काढली आणि तिथे माणसं घेतली ती मेनियार नावाच्या मनुष्यबळ कंपनीमार्फत, बऱ्याच कमी पगारावर. काम तेच, माणसंही पुष्कळशी तीच, कागदावरचा मालक तेवढा नवा. इतका गहजब झाला की २०११ मध्ये कायद्यात खास कलम घालावं लागलं: सहा महिन्यांच्या आत त्याच कंपनीत एजन्सीमार्फत परतलेल्या माणसाला कायम कामगाराइतकंच वेतन. ते कलम आजही श्लेकरच्या नावाने ओळखलं जातं. श्लेकर स्वतः २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली.

मोठ्या डिस्काउंट साखळ्या मात्र किमान वेतनाच्या वर देतात, आणि त्याचं श्रेय त्यांच्या दानतीला द्यायची गरज नाही. २००८ मध्ये लीडलने आपल्या दुकानांत कर्मचाऱ्यांवर छुपे कॅमेरे आणि गुप्तहेर ठेवल्याचं ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने छापलं. कंपनीला सुमारे पंधरा लाख युरो दंड झाला. २०१० मध्ये, देशात किमान वेतनाचा कायदाही नव्हता तेव्हा, लीडलने आपल्यापुरता दहा युरोंचा तळ जाहीर केला. पुढे माणसं मिळेनाशी झाल्यावर लीडल, आल्डी, काउफलांड एकमेकांकडे बघत दर चढवत गेले. आजही त्यांचा सुरुवातीचा दर सरकारी तळाच्या वर असतो आणि जाहिरातीत ठळक छापलेला असतो.

तो ठळक आकडा वाचून झाल्यावर खालची बारीक ओळ वाचा. तिथे आठवड्याचे तास लिहिलेले असतात.

दर मोठा, तास छोटे

जर्मन किरकोळ विक्रीत निम्म्याहून जास्त लोक पूर्णवेळ नाहीत. दुकानाला माणसं हवी असतात ती संध्याकाळी पाच ते आठ, शनिवारी दिवसभर आणि पहाटे माल उतरतो तेव्हा. मधल्या सुस्त दुपारचा पगार कोणाला द्यायचा नसतो. म्हणून करार वीस तासांचे, पंधरा तासांचे होतात. हिशेब करून पाहा. ताशी १५ युरो, आठवड्याला २० तास: महिन्याचा कपातीआधीचा पगार सुमारे १,३०० युरो. ताशी नुसतं किमान वेतन, पण ३७.५ तास: सुमारे २,२५७ युरो. जाहिरातीत पहिली नोकरी वरचढ दिसते, भाडं मात्र दुसरीच भरते.

डिस्काउंट दुकानातल्या एका तासात काय काय मावतं, तेही लक्षात घ्या. आल्डीच्या खोक्यांवर बारकोड मोठा आणि एकाहून अधिक बाजूंना छापलेला असतो, कारण वस्तू फिरवून कोड शोधण्यात जाणारा सेकंदही तिथे मोजलेला आहे. गल्ल्यासमोरची रांग सरली की तोच माणूस उठतो, पॅलेट ओढतो, दुधाचे ट्रे लावतो, ओव्हनमध्ये पाव सरकवतो, बाटल्या परत घेणारं यंत्र अडकलं असेल तर मोकळं करतो आणि घंटा वाजली की पुन्हा गल्ल्यावर. खुर्ची मात्र मिळते. जर्मनीत कॅशियर बसून काम करतो, हे आपल्याकडे दिवसभर उभं राहणाऱ्या दुकानातल्या मुलींना खरं वाटणार नाही. भारतात विक्री कर्मचाऱ्यांच्या बसण्याच्या हक्कासाठी केरळला २०१८ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला होता.

म्हणून मुलाखतीत विचारायचं ते असं: करारात आठवड्याचे किती तास लिहिणार? सहा महिन्यांनी वाढवता येतील का? गेल्या वर्षी कोणाचे वाढवले? तिसऱ्या प्रश्नावर व्यवस्थापक घुटमळला, तर पहिल्या दोनांची गोड उत्तरं विसरून जा.

तासांचा आकडा करारात लिहून घ्या, कारण ‘लागेल तसं बोलावू’ हा इथला जुना खेळ आहे. बोलावण्यावर काम असलं आणि आठवड्याचे तासच ठरवले नसले, तर कायदा २० तास ठरले असं धरतो. ‘किमान दहा तास’ लिहिलं असेल तर मालक तुम्हाला फार तर पंचवीस टक्के जास्त, म्हणजे साडेबारा तासांपर्यंत बोलावू शकतो. आणि बोलावणं किमान चार दिवस आधी यायला हवं. सकाळी व्हॉट्सॲपवर ‘आज दुपारी ये’ असा निरोप आला तर जायचं की नाही, हे तुमच्या मर्जीवर आहे. एकदा-दोनदा जरूर जा, माणुसकी असते. रोजचंच झालं तर नियम दाखवा.

बोर्डामागचा मालक

नवख्या माणसाला न दिसणारी गोष्ट इथे आहे. लीडल किंवा आल्डीच्या दुकानात काम घेतलंत तर मालक ती कंपनीच असते. एडेका आणि रेवे यांचं तसं नाही. दोन्ही मुळात दुकानदारांच्या सहकारी संघटना. त्यांची पुष्कळ दुकानं स्वतंत्र व्यापारी चालवतात: बोर्ड, माल, पिशव्या संघटनेच्या, पण कामगार त्या व्यापाऱ्याचे. एकाच गावात दोन एडेका असतील, तर पगार, रजा, दिवाळीच्या बोनससारखा मिळणारा नाताळचा भत्ता, सगळं वेगळं असू शकतं. एखाद्या व्यापाऱ्याकडे कामगारांना घरच्यासारखं वागवतात, आणि दुसरीकडे घरच्यासारखं म्हणजे हिशेब न ठेवता राबवतात. करारावर पहिल्या ओळीत कोणाचं नाव आहे ते वाचा. तिथे ‘त्साइटआर्बाइट’ करणारी, म्हणजे दुकानांना माणसं पुरवणारी एजन्सी असेल, तर तुम्ही दुकानाचे नव्हे, एजन्सीचे कामगार आहात.

दुसरा प्रश्न: टारिफ लागू आहे का? टारिफ म्हणजे कामगार संघटना आणि मालकांची संघटना यांनी प्रत्येक राज्यात केलेला वेतनकरार. किरकोळ विक्रीत ही बाजू वेर्डी नावाची संघटना लढवते. २००० च्या आसपासपर्यंत हे करार बहुतेक सगळ्या दुकानांना सक्तीने लागू असत. मग मालकांच्या संघटनेने ‘सभासद राहा, टारिफ पाळू नका’ अशी सोय काढली आणि पाया खचला. आज या क्षेत्रातल्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या कामगारांनाच टारिफ लागू आहे. २०२३ मध्ये सुरू झालेलं शेवटचं मोठं भांडण वर्षभराहून जास्त चाललं. २०२४ च्या मे महिन्यात हाम्बुर्गमध्ये पहिली तडजोड झाली: पहिल्या वर्षी ५.३ टक्के, दुसऱ्या वर्षी ४.७, तिसऱ्या वर्षी पुन्हा थोडी वाढ, वर महागाईपोटी एकरकमी १,००० युरो. ॲमेझॉनच्या बाड हेर्सफेल्ड इथल्या गोदामात २०१३ पासून संप होत आले आहेत, ते याच मुद्द्यावर. संघटना म्हणते हे दुकानदारीचं काम, टारिफ तिथला द्या. कंपनी म्हणते ही मालवाहतूक.

टारिफ असलं की ताशी दराखेरीज बरंच काही येतं: वर्षाला सहा आठवडे रजा, संध्याकाळच्या आणि रात्रीच्या तासांना जादा दर, रजेचा आणि नाताळचा भत्ता, अनुभवाच्या वर्षांनुसार चढणारी पगारपट्टी. टारिफ नसलं तर कायद्याचा तळ: पाच दिवसांच्या आठवड्याला २० दिवस रजा आणि किमान वेतन. टारिफच्या पट्टीत प्रशिक्षित विक्रेता आणि अप्रशिक्षित मदतनीस यांच्या ओळी वेगळ्या असतात, आणि दोघं शेजारी उभं राहून तेच काम करत असले तरी पगार वेगळा. इथे राहायचंच असेल, तर दोन वर्षांचं विक्रेत्याचं किंवा तीन वर्षांचं किरकोळ व्यापाराचं आउसबिल्डुंग हा पट्टी बदलण्याचा मार्ग आहे. प्रशिक्षणात कायद्याने पहिल्या वर्षी किमान ७२४ युरो महिना मिळतात. मोठ्या साखळ्या हजाराच्या पुढे देतात.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यानंतर ‘जर्मनीत सुपरमार्केटमध्ये नोकरी, लगेच व्हिसा’ म्हणून पैसे मागणारा कोणी भेटला, तर त्याला एवढंच विचारा: व्हिसा कोणत्या कलमाखाली? गल्ल्यावरच्या अप्रशिक्षित कामासाठी भारतीयाला सहसा कामगार व्हिसा मिळत नाही. येण्याचे रस्ते शिक्षण, आउसबिल्डुंग, पात्रतेची नोकरी, जोडीदार आणि नोकरी शोधण्याचं संधीकार्ड हे आहेत. संधीकार्डावर आठवड्याला २० तास अर्धवेळ काम करता येतं, पण त्याच्या अटी वेगळ्या पुऱ्या कराव्या लागतात.

विद्यार्थी आणि जोडीदार

विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. हिशेब तुमचा तुम्ही ठेवा. दुकानाला तुमच्या दुसऱ्या कामाची खबर नसते, आणि मर्यादा ओलांडली तर गोत्यात येतो तो तुमचा राहण्याचा परवाना. कामाचे दोन प्रकार समोर येतील. मिनीजॉबमध्ये महिन्याला ६०३ युरोपर्यंत कमाई, हातात जवळजवळ सगळी. किमान वेतनाने ते महिन्याचे त्रेचाळीस तास होतात. लक्षात घ्या, इथे दुकानाने किमान वेतनाहून जास्त ताशी दर दिला तरी कमाई वाढत नाही, तास घटतात. दोन मिनीजॉब केले तर मर्यादा दोघांची मिळून एकच. दुसरा प्रकार वेर्कश्टुडेंट: सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. पगारातून मुख्य कपात फक्त पेन्शनची, ९.३ टक्के. नावात विद्यार्थी असला तरी काम अभ्यासाच्या विषयातलंच हवं अशी अट नाही, गल्लाही चालतो. व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवलेल्या रकमेचा सरकारी हिशेब महिन्याला ९९२ युरोंचा आहे, त्यामुळे मिनीजॉबवर महिना निघेल या भरवशावर विमानात बसू नका.

मिनीजॉबवाल्यांना रजा नाही, आजारपणाचा पगार नाही, असं कोणी छातीठोक सांगितलं तर ते साफ खोटं आहे. आठवड्याला दोन दिवस काम असेल तर वर्षाला आठ दिवस पगारी रजा. चार आठवडे नोकरी झाली की आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पगार. मिनीजॉबमध्ये पेन्शनची कपात नको असा अर्ज करायचा कागद पहिल्याच दिवशी पुढे केला जातो. ६०३ युरोंवर ती कपात महिन्याला बावीस युरोंहून कमी आहे. इथे काही वर्षं राहायचा विचार असेल, तर त्या कागदावर घाईने सही करू नका.

जोडीदाराच्या नोकरीत खरा धक्का बसतो तो पहिल्या पगारपत्रकावर. एकाची मोठी नोकरी, दुसऱ्याची सुपरमार्केटमधली. सल्लागाराने पटकन ‘तीन आणि पाच’ असे करवर्ग लावून दिलेले. तिसऱ्या वर्गात दोघांची करमुक्त सवलत एकाच्या पगारावर जमा होते, पाचव्यात ती नसतेच. म्हणून दुकानात राबणाऱ्या बाईंच्या (बहुतेक बाईच असतात) पगारातून जवळजवळ पहिल्या युरोपासून कर कापला जातो, आणि मग घरात बोललं जातं की एवढ्याशा पैशांसाठी कशाला दगदग. त्यांचा पगार कमी नाही. त्यांचा कर नवऱ्याच्या स्लिपवर वाचलेला असतो. वर्षाअखेरीस विवरणपत्रात दोघांचा कर एकत्रच ठरतो, त्यामुळे ‘चार आणि चार’ केलं तरी कुटुंबाचं नुकसान होत नाही. उलट बेकारभत्ता, आजारपणाचा भत्ता, मूल झाल्यावर मिळणारा पालकभत्ता हे सगळे हातात येणाऱ्या पगारावरून ठरतात. मूल होण्याचा विचार असेल तर करवर्ग आधीच बदला. आणि ६०३ च्या थोडं वर गेलं तर सगळं कापलं जातं ही भीतीही काढून टाका: ६०३ ते २,००० युरोंच्या पट्ट्यात कामगाराची कपात सवलतीने हळूहळू चढते. कुटुंबाच्या आरोग्य विम्यातून बाहेर पडावं लागतं हे खरं, पण स्वतःचा विमा, स्वतःचं पेन्शन आणि बेकारभत्त्याचा हक्क मिळतो.

गल्ल्यावर बसल्यावर

बार्बारा एमे हे नाव जर्मनीत कॅशियरांना माहीत असतं. ‘एमेली’ या टोपणनावाने त्या गाजल्या. बर्लिनच्या कायझर्स दुकानात ३१ वर्षं काम केलेल्या या बाईंना २००८ मध्ये तडकाफडकी काढलं. आरोप असा की ग्राहकाने हरवलेल्या, बाटल्या परत केल्याच्या दोन चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच्या खरेदीत वळत्या केल्या. एक ४८ सेंटची, एक ८२ सेंटची. मिळून १ युरो ३० सेंट. दोन न्यायालयांत त्या हरल्या. १० जून २०१० रोजी संघीय श्रम न्यायालयाने बडतर्फी रद्द केली, कारण इतक्या वर्षांचा विश्वास एका चुकीने संपत नाही, आधी ताकीद द्यायला हवी होती. पण तुमच्यामागे ३१ वर्षं नाहीत. तुमचा परीक्षाकाळ चालू आहे, ज्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कारण न देता काढता येतं. सापडलेली चिठ्ठी तत्क्षणी वरिष्ठाच्या हातात द्या. फेकायला काढलेला पाव, तारीख संपलेलं दही विचारल्याशिवाय पिशवीत टाकू नका. स्वतःची किंवा नवऱ्याची खरेदी स्वतःच्या गल्ल्यावर मारू नका.

गल्ल्यात पैसे कमी भरले तर ते परस्पर पगारातून कापता येत नाहीत. तुमचा दोष आणि तो किती गंभीर, हे मालकाने दाखवावं लागतं, आणि एकाच ड्रॉवरवर तिघं बसली असतील तर ते अवघडच. गल्ला उघडण्याआधीची मोजणी आणि बंद केल्यानंतरची मोजणी हा कामाचाच वेळ आहे. आठला दुकान बंद आणि सव्वाआठला तुम्ही बाहेर, तर ती पंधरा मिनिटं लिहा. सहा तासांहून जास्त काम असेल तर अर्धा तास सुट्टी, आणि दोन शिफ्टमध्ये अकरा तासांचं अंतर. ‘प्रोबेआर्बाइट’, म्हणजे चाचणीचं काम, म्हणून एक-दोन तास बघायला बसवलं तर पगार मागू नका. पूर्ण शिफ्टभर माल लावून घेतला तर मागा.

रोजची सुरुवात-शेवटची वेळ स्वतःच्या वहीत लिहा. मिनीजॉबवाल्यांच्या तासांची नोंद ठेवणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे, पण भांडण झालं की दुकानाची नोंद आणि तुमची वही शेजारी ठेवली जाते. तास खाल्ले तर लगेच लेखी मागा. पुष्कळ करारांत तीन महिन्यांत न मागितलेलं बुडतं असं लिहिलेलं असतं. किमान वेतनापुरता भाग तसा बुडत नाही, वरचा बुडू शकतो. नोकरीवरून काढल्याचा निरोप मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर आला तर तो कायद्याने लागूच होत नाही, कागदावर हाताची सही लागते. असा कागद मिळाला आणि तो अन्यायाचा वाटला, तर श्रम न्यायालयात जायला तीनच आठवडे आहेत. न्यायालयातली अर्ज-खिडकी तक्रार लिहून घेते, पहिल्या पायरीवर वकील सक्तीचा नाही. युरोपीय संघाबाहेरच्या कामगारांना ‘फेअरे इंटेग्रात्सिओन’ची सल्लाकेंद्रं मोफत सल्ला देतात, इंग्रजीतही. वेर्डीची वर्गणी कपातीआधीच्या पगाराच्या एक टक्का आहे. सभासद व्हायचं ते भांडण लागण्याआधी.

वेर्कश्टुडेंट म्हणून किंवा सुट्टीत पूर्णवेळ काम करताना एखाद्या महिन्यात आयकर कापला गेला असेल, पण २०२६ ची वर्षाची करपात्र कमाई १२,३४८ युरोंच्या आत असेल, तर तो सगळा परत मिळतो. विवरणपत्र सक्तीचं नसेल तर भरायला चार वर्षांची मुदत असते, आणि जुन्या वर्षांचंही भरता येतं. पगारपत्रकं आणि वर्षाअखेरीस दुकानाकडून येणारं करप्रमाणपत्र तेवढं जपून ठेवा. नोकरी सोडताना शेवटचं पत्रक मिळाल्याशिवाय दुकानाला दिलेला पत्ता बदलू नका.